समोरचं पान

सहा रेघा. रेघांवर आकडे.
आकडा म्हणजे सूर नव्हे, फक्त बोटाचा पत्ता:
दोन म्हणजे दुसरा पडदा, शून्य म्हणजे तार मोकळी.
आणि सगळ्यांत वरची रेघ म्हणजे सगळ्यांत खालचा खर्ज.
उदिनेच्या ग्रंथालयात पहिले काही दिवस
हा उफराटा हिशेब मला पचेना.
एर्माकोरा म्हणाला, मांडीवर घेऊन बघ.
वाकून पाहिलंस की खर्जच तुझ्या हनुवटीजवळ असतो.

एर्माकोरा ल्यूट बांधतो.
तार्विझिओच्या जंगलातला स्प्रूस
टिचकी मारून निवडतो, कलिंगड घ्यावं तसा.
वाचता त्याला बेताचंच येतं.

वही साडेचारशे वर्षांची.
कडेला मेणाचे थेंब, एका पानावर पेल्याच्या बुडाचा गोल.
माझ्याआधीच्या कुणा काटेकोर माणसानं सूचीत लिहिलंय:
'प्रत्येक उजवं पान उलटं. बांधणाऱ्याची चूक.'
पानाच्या डोक्यावर एकेकच अक्षर.
सुलट पानांवर एस, उलट पानांवर टी.
एस म्हणजे सुपेरियुस, वरचा गळा.
टी म्हणजे टेनर, ज्याच्या मुळातच धरून ठेवणं आहे.
असं आपण समजायचं. वहीत कुठे लिहिलेलं नाही.

तीन आठवडे एकेक पान सुटं वाजवलं.
एसचं पान भरभरून बोलायचं
आणि अर्ध्या वाक्यात जीभ चावल्यासारखं थांबायचं.
टीच्या पानावर चार आकडे, मग ओळभर काहीच नाही,
वर नुसत्या काळाच्या काठ्या, झेंडे लावलेल्या,
जशा जानेवारीत, वेल छाटून झाल्यावर
टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात खुंट्या उरतात.
मी नोंद केली: 'अपूर्ण. कच्चा मसुदा असावा.'
लिहिताना जरा ऐटही वाटली, खोटं का बोला.

मग एका शनिवारी त्याच्या कारखान्यात,
भुशाच्या बाकावर मी प्रती पसरल्या होत्या,
सरस तापत होता,
तो पलीकडे बसून कॉफी ढवळत होता.
म्हणाला, मला इथून नीट दिसतंय की.

एवढंच.

चूक बांधणाऱ्याची नव्हती, कपाटाची होती.
वही कपाटात उभी राहिली, आणि तिला तर
आडवं पडायचं होतं, दोघांच्या मध्ये,
मेणबत्ती मधोमध, पेला कुणाचा तरी जवळ.
आम्ही वाजवलं. त्याची बोटं रंध्यानं जाड झालेली,
दर तिसऱ्या पडद्यावर अडखळणारी,
तरी माझं अर्धं वाक्य त्यानंच पुरं केलं,
आणि त्याच्या रिकाम्या ओळीत
मी बोलत होते हे मला तेव्हा कळलं.

शेवटून तिसऱ्या पानावर टीच्या पुढे शाई ओघळलीय.
ओघळाखाली, दिवा तिरका धरला तर,
मला आणखी दोन अक्षरं दिसतात.
टेनर असेल. ताद्देआ असेल, तेओफिलो असेल.
एर्माकोराला ओघळच दिसतो.

आणि शेवटचं पान:
एसच्या बाजूला आकडे नेहमीसारखे, थोडे घाईत,
टीच्या बाजूला सहा रेघा, काठ्या, झेंडे,
आणि आकडा एकही नाही.
वेळ नेमून दिलीय, बोट कुठे ठेवायचं ते नाही.
लिहायचं राहून गेलं? की त्या दिवशी
समोर बसणारं माणूस आलं नाही,
आणि लिहिणाऱ्यानं त्याची जागा मोजून ठेवली?
इथे मी दोनदा वाजवून थांबले.
एर्माकोरानं पेरानं लाकडावर झेंडे मोजले,
चुकवत, पुन्हा पहिल्यापासून.

सूचीतली माझी ओळ मी खोडली.
पेन्सिलीनं लिहिलं, पुसता येईल असं:
'वही आडवी ठेवावी. खुर्च्या दोन.'
वाचनकक्षाच्या सिन्योरा कोमेल्ली यांनी चष्म्यावरून पाहिलं.
इथे एका टेबलाला एकच खुर्ची असते, म्हणाल्या.
दुसरी कुठून आणायची?