डावी कूस

सूरला, ऐजा भागात, दीपस्तंभामागच्या गल्लीत
आठवड्यातून तीनदा जाते मी.
आणि दर मंगळवारी मस्कतच्या ऑफिसातून फोन:
फॉर्ममधला 'उद्दिष्ट' हा रकाना कोरा का?

काय भरू.
हमदानकाका आता चालणार नाहीत.
पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणंही
रमजान संपता संपता संपलं.
सांध्यांचे कोन मोजायची माझी पट्टी
बॅगेच्या तळाशी, खजुराच्या चिकट पुडीखाली.

घोटे फिरवते. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी.
गरम चहावर फुंकर घालता ना, तसा श्वास सोडा, म्हणते.
"पण चहा कुठाय?"
त्यांची नात शम्सा दारातून हसते, मग आत जाऊन रडते.

चाळीस वर्षं गलबतं बांधली या हातांनी.
वेंगुर्ल्याची आहे म्हटल्यावर
चादरीवर बोटाने तिथलं बंदर काढून दाखवलं होतं,
खडकांसकट.
अजून पलंगाची पाटी चाचपत म्हणतात,
सांधा ढिला आहे.
कुणाचा, ते मी विचारत नाही.

पलंगाचं डोकं उत्तरेला.
उजव्या हाताला भिंत, पश्चिम, मक्का.
डाव्या हाताला खिडकी.

काल म्हटलं, चला, उजव्या कुशीवर घेऊ.
थांबले. मग मोडक्या हिंदीत,
दर दोन शब्दांनंतर दम घेत,
"उजवीकडे वळवायला
चार माणसं येणारच आहेत.
तू डावीकडचं बघ.
वळवू नकोस. शिकव."

औषधाचे थेंब दिले, अर्धा तास थांबलो.
आधी नजर. मग उजवा गुडघा उभा.
हात छातीवरून पलीकडे,
खांदा, मग कंबर, घाई नको.
तीनदा अर्ध्यातून परत आले.
चौथ्यांदा माझा तळवा त्यांच्या पाठीशी
नुसता धरलेला, न टेकता,
आणि पाठ त्याच्यापासून लांब लांब जाऊ लागली.

खिडकीबाहेर ओहोटी.
चिखल, कलंडलेली एक होडी,
दोन बगळे, एक प्लास्टिकचा डबा.
सगळं नीट पाहिलं त्यांनी,
डबासुद्धा.

"भरती साडेचारला," म्हणाले.
"तोवर परत वळायचं
शिकवू नकोस."