करंगळीची जागा

पाटीवर अजून 'शिकलगार अँड सन्स'.
एक सन शारजात एसी दुरुस्त करतो,
दुसऱ्याचं विचारू नका.
कानस माझ्या हातात आहे.
पाटी बदलायचं मलाही सुचलं नाही,
रंगवणारा अक्षरामागे पैसे घेतो.

मे महिन्यात दौलतगंजच्या या बोळात
अकरालाच शटर अर्ध्यावर येतं.
लू आत शिरली की लाकडाला चीर पडते,
म्हणून अक्रोडाचा ठोकळा अब्बा
आतल्या खोलीत, माठापासून चार हात लांब ठेवतात.
मी बाहेर, पंख्याखाली. ठोकळ्याला पंखा चालत नाही.

शरयू कदमबांडे आली तेव्हा
परवाना, दोन फोटो, कचेरीचा शिक्का,
सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, नीट.
मग उजवा हात गल्ल्यावर ठेवला.
करंगळी अर्धी. सातवीत असताना उसाच्या चरकात गेलेली.
"पंचवीस मीटरला बसते मी. मूठ फिरते."

अब्बांनी आधी पिस्तूल पाहिलंच नाही.
म्हणाले, माझं मनगट धर,
जसं ते धरशील तसं.
बराच वेळ दोघं गप्प.
बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

पहिली मूठ मी केली.
तुटल्या बोटापुढची पोकळी भरून काढली लाकडानं,
रेषा रेषेला मिळाली,
जवसाच्या तेलाचे सात हात.
आजवर इतकं देखणं काही जमलं नव्हतं मला.
आठवड्यानं शरयू कागदी निशाण घेऊन आली:
सगळी भोकं खाली, उजवीकडे,
एका जागी गोळा झालेल्या मुंग्यांसारखी.

अब्बांनी मनगटावरून बोट फिरवलं.
"ही तिथूनही दाबते," म्हणाले.
"कुठून?"
"जिथे नाही तिथून."

मग त्यांनी नवा ठोकळा काढला.
चष्मा कपाळावर, डोळे जवळपास मिटलेले,
कानस, मग अर्धी झिजलेली कानस, मग पॉलिशपेपर, मग नुसता अंगठा.
करंगळीच्या जागी त्यांनी खळगी कोरली,
पूर्ण बोटाची. पेरासकट.
मी म्हटलं, रिकामी राहील.
ते म्हणाले, राहू दे की.

चाप माझ्याकडे आला.
चिक्कीसारखा ताणत नेणारा नको,
गजक दातांत तुटते तसा सुटायला हवा,
आहे आहे म्हणताना नाही.
तीन दिवस मी तेवढंच ऐकत बसले,
टक्. टक्. परत टक्.
अम्मीनं विचारलं, घड्याळ बिघडलंय का?
नळी घासून, पुसून, पुन्हा घासून
निळाई वांग्याच्या सालीवर आली तेव्हा थांबले.

मधल्या काळात एका ठेकेदाराचा पोरगा येऊन गेला,
चांदीचा मोर बसवून हवा होता, काकाच्या वरातीसाठी.
अब्बा म्हणाले, हवेला नेम नसतो, बाबा.
पोरगा हसला. त्याला विनोद वाटला.
छावणीतल्या त्या क्लॅरिनेटवाल्याचा खांदा त्याला माहीत नाही,
ना ती दुरुस्ती कुणाच्या हातची होती ते.
आमच्या घरात क्लॅरिनेट लागलं की
रेडिओ कुणीतरी बंद करतं. कोण, ते कळत नाही.

शरयू शुक्रवारी आली.
रिकामं पिस्तूल, दोनदा तपासलेलं,
समोर भिंतीवर खडूचा ठिपका.
अब्बा म्हणाले, डोळे मीट. हात वर घे. आता उघड.
माशी ठिपक्यावरच होती.
शरयूनं हात खाली घेतला, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले,
पाच वेळा,
आणि दर वेळी माझा श्वास मधेच अडकला.

पैसे देताना तिनं विचारलं,
दुसऱ्या कुणाला ही बसेल का, कधी विकायची झाली तर?
अब्बा: नाही.
मीही धरून पाहिलं होतं आदल्या रात्री.
माझी करंगळी शाबूत, तरी त्या खळगीत
कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

रजिस्टरात लिहिलं: मूठ, अक्रोड, एक.
पहिलीचं काय लिहायचं? ती देखणी तशीच आहे,
गल्ल्यावर बिलं दाबून बसते.
लू सुटली की कडा फडफडतात,
जागचं काही हलत नाही.