वर्ग : इतर

आधीच सांगून टाकतो, मला त्याचं वाजवणं आवडत नाही.
एकतीस वर्षं माझ्या सलूनच्या भिंतीपलीकडे
वेल्वेल शापिन्स्की क्लॅरिनेट वाजवतोय
आणि ते हसतंय की रडतंय
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा असतो,
आणि पलीकडून एखादा सूर असा घसरतो
की मला श्वास रोखून हात आवरावा लागतो.
मग मी वस्तऱ्याच्या मुठीनं भिंत ठोकतो.
तो थांबतो.
चार मोजतो, आणि पुन्हा सुरू.

शुक्रवारी सूर्य बुडाला की तो गप्प.
शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत गप्प.
तेवढ्या वेळात मी माझी कॅसेट लावून घेतो,
अकॉर्डियनवरचा पोल्का, दणकून,
आईच्या गावाकडच्या लग्नातला.
'ओस्ताप,' तो रविवारी सांगतो,
'ही घोड्याला लागलेली उचकी आहे.'
भिंत मात्र ठोकत नाही.
बहुधा त्यांच्यात शब्बाथला भिंत ठोकणंही
कामातच धरत असावेत. मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात त्याला पत्र आलं. शहराचा संगीत-सन्मान.
तो थेट माझ्या खुर्चीत येऊन बसला:
'मागून बारीक कर. फोटोत मान दिसते.'
पत्र मी वाचलं. वर्ग : इतर.
रॉकला वर्ग होता, जॅझला होता,
लोकगीतांना तर दोन होते.
उरलेलं सगळं जग एका खोक्यात.
'असू दे,' तो म्हणाला, 'माझा बाप तळघरात वाजवायचा.
खोकं निदान जमिनीच्या वर आहे.'

खाली तारीख होती.
शुक्रवार, संध्याकाळी साडेसात.
विनिपेगच्या हिवाळ्यात सूर्य
साडेचारलाच दुकान बंद करतो.
माझी कात्री हवेतच राहिली.
'काप,' तो म्हणाला, 'अर्धी मान घेऊन कुठे जाऊ?'

त्यानं त्यांना कळवलं. उत्तर आलं, साखरेत घोळलेलं:
खेद वाटतो, सभागृह ठरलेलं आहे,
पुढच्या वेळी नक्की.
माणूस अठ्ठ्याहत्तरचा. पुढची वेळ.

त्या शुक्रवारी मी पोल्का लावला नाही.
रेडिओ उचलला, भिंतीला टेकवला,
आवाज शेवटपर्यंत वाढवला.
तो मला सांगू शकत नव्हता,
आणि मी काही त्याला सांगून करत नव्हतो.
जॅझ झालं. लोकगीतं झाली, दोन्ही.
मग कुणा बाईनं नाव वाचलं : 'वेल्वेट शापिरो.'
पलीकडून खुर्ची करकरली.
त्याची जुनी ध्वनिमुद्रिका वाजली, एक मिनिटभर,
कोणत्या लग्नातली कुणास ठाऊक,
मध्ये कुणाची तरी बशी फुटल्याचा आवाज.
मग टाळ्या.
बऱ्याच वेळ.
मी खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं,
लोकांना कान आहेत, आणि माझे वेगळे आहेत,
इतकंच.

शनिवारी मी दाराबाहेर उणे बाविसात उभा राहून
तारे मोजले. एक, दोन.
तिसरा धुराड्यामागून यायला वेळ लागला.
आत येतो तोच क्लॅरिनेट सुरू,
तेच, हसतं-रडतं, कानाला टोचणारं.
नाहीच आवडलं.
सवयीनं वस्तरा उचलला, मूठ भिंतीवर आपटली,
एकदा, दोनदा, मग आपटतच राहिलो,
त्याच्या तालात म्हणाल तर नाही,
तो ताल मला कधी सापडलेलाच नाही.

थांबलो. चार मोजले.
तो थांबलाच नव्हता.