कानातला माग

डॉक्टर म्हणाले, हा आवाज जाणार नाही.
चौतीस वर्षं अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या कारखान्यात बारा मागांमध्ये उभे होतात, शलमोनराव,
आता कारखाना बंद झाला तरी
कानातला चालूच राहणार.
गोळ्या लिहून दिल्या. झोपेच्या.

खटाक् खट, खटाक् खट.
कडक भाकरी मोडताना,
लाईट बिलाचा हिशेब मांडताना,
आणि देवळात पाळकसाहेब म्हणायचे,
"क्षणभर शांत राहू या,"
तेव्हा तर सगळ्यात जास्त.
सगळे डोळे मिटून गप्प,
माझ्या डोक्यात दुसरी पाळी सुरू.

मी मागत राहिलो. प्रभू, बंद कर.
एक खटका खाली ओढायचा फक्त,
तुला काय अवघड आहे?
दोन लेंत गेले.
सुवार्ता माझ्या शेजारी गुडघ्यांवर,
तिचं आमेन माझ्याआधी व्हायचं
आणि ती वाट पाहत बसायची.

खरं सांगू? नुसता आवाज नव्हता.
आवाजाच्या खाली थोमा होता, धाकटा भाऊ,
आईच्या घराच्या कागदावर त्याची न झालेली सही
आणि दारात उभं राहून मी त्याला बोललो ते वाक्य.
अकरा वर्षं.
माग चालू होते म्हणून ते ऐकू येत नव्हतं.

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं,
रात्री अडीचला, चोरासारखं.
मे महिना. पत्रा अजून तापलेला.
मी पिंप भरत होतो
आणि शेजारच्या नरसव्वा एमूल
नळाला तेलुगूत शिव्या घालत होत्या.
मग मराठीत वळून म्हणाल्या,
"झोप नाही होय रे तुला?
तुझी आई माझ्यासंगं कामाला होती,
मागाच्या खांबाला तुझी झोळी बांधायची.
एवढ्या खडखडाटात मस्त झोपायचास की.
लाईट गेली, माग थांबले,
की सगळ्यात आधी तूच उठून रडायचास.
लाईट आली की गप."

पिंप भरून वाहायला लागलं होतं,
मला कळलंच नाही.

त्या नावेत तो झोपला होता ना,
लाटा आत येत होत्या, माणसं ओरडत होती,
आणि तो मागच्या बाजूला, उशीवर.
रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो,
पण मला घाई असायची पुढच्या भागाची,
तो उठतो, वाऱ्याला दटावतो, त्याची.
झोप मी नेहमी ओलांडून गेलो.
त्या रात्री ओल्या पायांनी
तिथेच उभा राहिलो.
वादळ शमल्यावर कुणीही झोपेल.
तो आधीच झोपला होता.
आपली झोळी कुणी बांधली आहे
ते त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी होटगी रोडला गेलो.
थोमाने दार उघडलं. केस पांढरे झालेत त्याचे.
मी म्हणायचं ते म्हणालो, तीनच शब्द होते.
तो काय बोलला ते ऐकू आलं नाही,
कानात सगळे बारा माग एकदम सुटले होते.
ओठ हलले, एवढं दिसलं.
मग त्याने टेबलफॅन उचलला
आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं.

सहीचं अजून काही झालेलं नाही.
आवाजही आहे.
गोळ्यांची पट्टी फडताळात आहे,
एखाद्या रात्री घेतोसुद्धा.

पण रविवारी पाळकसाहेब म्हणतात,
"क्षणभर शांत राहू या,"
आणि खटाक् खट सुरू होतं,
तेव्हा मी आता खटका शोधत नाही.
माग चालू आहे,
म्हणजे बांधणारी जवळच कुठेतरी आहे,
तुटलेला धागा जोडते आहे, मान वळवून बघते आहे.
लाईट आहे, मी मनात म्हणतो,
आणि मला डुलकी लागते.

सुवार्ता कोपर मारते.
आमेन होऊन गेलेलं असतं.