स्वर गाळून

पर्वरीच्या टेकडीवर कोर्टाची नवी इमारत,
तिसऱ्या मजल्यावरच्या चेंबरात दोन उंच पाठीच्या खुर्च्या
आणि तिसरी माझी, बिनहातांची.
एकोणीस वर्षं मी तिथे बसून
दुसऱ्यांची वाक्यं लिहिते.

लघुलिपीत स्वर गाळतात.
पेन्सिल हलकी टेकली तर क,
जरा दाबली तर ग.
एवढ्याशा जोरावर कुणीतरी जिंकतं, कुणी घरी जातं,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

लोक विचारतात, फेरीबोटीत, लग्नाच्या पंगतीत:
दोन जज्जांचं एकमत होतं कसं गं?
भांडतात का?
मी म्हणते, चहा पितात.
खोटं नाही ते.
फुर्तादसाहेब बिनसाखरेचा, गावंडेबाई दोन चमचे,
आणि कपांची अदलाबदल झालीच
तर दोघंही काही न बोलता पिऊन टाकतात.

प्रकरण खाजनातलं होतं.
मानशीची दारं भरतीला आपणहून मिटतात,
ओहोटीला उघडतात.
मासळीच्या ठेकेदारानं दांडा घालून ती उघडीच ठेवली
आणि पिएदाद कुलासोच्या कोरगुटात
खारं पाणी बसलं ते बसलंच.
दारं मिटवा, यावर पहिल्याच दिवशी एकमत.
अडलं तारखेवर.
भरपाई कधीपासून?

याचिकेपासून, बाई म्हणाल्या.
मामलेदाराला दिलेलं आधीचं पत्र म्हणजे तक्रार नव्हे,
भाषांतरात स्पष्ट आहे:
'अर्जदार पाहणीची विनंती करते.'
पत्रापासून, साहेब म्हणाले.
सात आठवडे.
साहेबांनी सरकारला झोडपणारा परिच्छेद सांगितला, मी घेतला.
बाईंनी भिन्नमताची अकरा पानं सांगितली, तीही घेतली.
एकाच वहीत ती पाठीला पाठ लावून पडून होती.
एका दुपारी तर जिन्यात नमस्कारही झाला नाही.

मग बुधवारी साहेबांनी मूळ पत्र काढलं,
रोमी लिपीतलं, घडीवर विरलेलं,
आणि मोठ्यानं वाचलं.
वाद घालायला नसावं;
चष्मा नवा होता, बहुतेक त्याचीच परीक्षा.
'शेत मेलां, सायबा. येवन पळयात.'

बाई अकोल्याच्या.
त्यांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
वळवईकरबाई, काय लिहिलंय?

माझी पेन्सिल चालतच राहिली, प्रश्नसुद्धा लिहून गेली.
मला आजवर कुणी अर्थ विचारला नव्हता.
शेत मेलं, मॅडम. येऊन बघा.
म्हणजे, खराब झालं?
नाही. मेलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
खूप वेळानं म्हणाल्या,
आमच्याकडे विहिरीला म्हणतात असं.

पण तेवढ्यावर एकमत झालं असं समजू नका.
शुक्रवारी खरी देवघेव.
साहेबांनी सरकारवरचा परिच्छेद सोडला,
बाईंनी तारीख सोडली,
व्याज दोघांनी मिळून सोडलं
आणि ते जिचं होतं तिला कुणी विचारलं नाही.
'मी सहमत आहे.' खाली सही.
शाई वाळेपर्यंत दोघांचे चहा गार.

निकालात आता परिच्छेद एकोणीस:
'अर्जदाराने योग्य वेळी तक्रार नोंदवली होती.'
मेलं हा शब्द कुठेच नाही.

वही नियमानं फाडायची असते.
रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली
तेव्हा मी ते बुधवारचं पान उघडलं.
सवयीनं हात चालला होता:
म. ल.
दोन रेघा, स्वर नाहीत.
मेलं असं वाचता येतं.
मेळ असंही.

शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेली बाई वाकली,
कितें गो, हिशेब चुकलो?