शेणीवरचा हात

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी गेली
आणि देवही त्याच सुमारास गेला.
दोन्हींचा गाजावाजा केला नाही.
कॅलेंडरवर खुणा करायचं थांबवलं, एवढंच.

घरात सगळं सुरळीत.
रविवारी जोतिबा, परत आल्यावर गाडीतला गुलाल झाडणं,
ह्यांचं बोअरच्या मोटारींचं दुकान,
ऋतुपर्णाची बारावी.
मी हात जोडायची आणि दोन्ही हात
लग्नात शेजारी बसलेल्या
अनोळखी पाहुण्यांसारखे
नुसते एकमेकांना चिकटून राहायचे.

शोधाशोध केली, खोटं कशाला बोलू.
राजारामपुरीत, पार्लरच्या वरच्या खोलीत
एक बाई कपाळावर स्फटिक ठेवायच्या, तासाला सातशे.
दहा दिवसांचं मौन करून आले.
सहाव्या दिवशी आत खोलवर
एवढंच उमटलं
की गॅसचा नंबर लावायचा राहिलाय.
एका महाराजांनी डोक्यावर हात ठेवला.
घड्याळाचा पट्टा केसांत अडकला.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुझं जरा अवघडच झालंय बघ."
व्हय. झालं होतं.

फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या शिपायाची आई गेली.
पंचगंगेवर मी मागे, कठड्यापाशी उभी.
तेवढ्यात चिखलीकडून ट्रॉली आली, शेणींनी भरलेली,
कुणीतरी वाढदिवसाला दान केलेल्या.
उतरायला माणसं कमी.
हिंदुराव म्हणाला, "ताई, उभ्याच हायसा तर धरा की."
धरल्या.

तेव्हा दिसलं, शेणीवर हात असतो.
ओली असताना थापलेली पाच बोटं.
कुणाची करंगळी वाकडी,
कुणाच्या बांगडीची कड रुतलेली,
एकीवर पोराचा इवला पंजा, मध्येच मारलेला.
भोवती कुणी बघत नाही असं पाहून
मी माझा हात त्यात ठेवला.
एकीत मावेना. दुसरीत सैल.
तिसरीत बसला,
अगदी तर्जनीच्या सांध्यापर्यंत.
उन्हात आलेलं शेण उबदार होतं.
मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे,
मागून हिंदुराव ओरडला, "पुढं द्या, पुढं!"

तेव्हापासून शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, तिथे.
रचायची एक रीत असते:
मध्ये वाऱ्याला वाट ठेवायची.
"न्हाईतर धुमसतंय नुसतं," हिंदुराव सांगतो,
"आन् मग लोकं आमच्यावर वरडत्यात."
त्याने याहून जास्त काही शिकवलं नाही.
त्याला मावा लागतो, आणि मुलीच्या फीची काळजी असते.

एकदा एका माणसाने विचारलं, "तुमचं कोण?"
म्हटलं, "कुणी नाही."
त्याने मला नमस्कारच केला.
मला त्याची लाज वाटली. मी साधं उत्तर दिलं होतं.

सासूबाई शनिवारी प्रसाद हातात देत नाहीत,
ओट्यावर ठेवतात.
हे तीन आठवडे काही बोलले नाहीत.
चौथ्या शनिवारी मागच्या दारी
पाण्याची बादली, झाकून,
आणि शेजारी नवीन साबण,
कागद सोडवून ठेवलेला.
लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी बादलीपाशी बसून रडले.

देव परत आला का, नणंद विचारते.
नाही आला.
त्याची वाट बघायची सवय तेवढी सुटली,
जसं दात काढल्यावर काही दिवसांनी
जीभ तिथे जायची थांबते.

ती शेणी, माझ्या मापाची,
मी थप्पीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवली होती, ओळखीला.
पुढच्या शनिवारी नव्हती.
हिंदुरावला विचारलं तर हसायलाच लागला.
आठवड्यात कितीजण येऊन गेले असतील.
रजिस्टरमध्ये नाव असतं, वय असतं, वेळ असते.
कुणासोबत कुणाचा हात गेला,
त्याचा रकाना नसतो.