निळं पिंप

क्लुझहून तो आला ऑक्टोबरात,
पाठीवर लाकडी पेटी, खांद्यावर तिवई,
आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत म्हणाला,
"बाई, ते निळं पिंप तेवढं हलवता येईल का?"

माझं पिंप. कुंपणाशी, मेंढ्यांच्या पाण्याचं.
डोरूनं आणलं होतं, बंद पडलेल्या कारखान्यातून,
तोंड कापून, तीनदा राखेनं घासून,
सारागोसाची बस धरली त्याच्या आदल्या दिवशी.
अकरा वर्षं ते जागचं हललं नव्हतं.

मी म्हटलं, फोटो तर काळा-पांढराच ना?
मग निळ्यानं तुझं काय घोडं मारलंय?
तो हसला नाही. खिशातून लाल काच काढली,
माझ्या डोळ्यांपुढे धरली.
आभाळ विहिरीसारखं खोल झालं,
ढग पांढरेशुभ्र वर आले,
आणि कुंपणाशी
टेकडीला भोक पडल्यासारखं
काळंकुट्ट काहीतरी.

अव्राम आणि तो, दोघांनी पाणी ओतलं,
पिंप गडगडत गोठ्यामागे नेलं.

मग तीन दिवस काहीच नाही.
पहिल्या दिवशी ढग नव्हते.
दुसऱ्या दिवशी ढगांशिवाय काही नव्हतं,
गंजीची काठीसुद्धा दिसेना.
तो घेवड्याचं सूप प्यायचा, भाकर बुडवून,
आणि खिडकीतून टेकडीकडे असा बघायचा
जसा आमच्याकडे पाहुणा आलेली तीच आहे.
अव्रामनं प्लमची दारू पुढे केली,
तर म्हणाला, उजेड पडल्यावर.
अव्राम म्हणाला, मग तू तहानेनं मरणार.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना
त्यानं मला हाक मारली. काळ्या कापडाखाली घेतलं.
आत लोकराचा आणि कसल्याशा औषधाचा वास,
आणि समोर, धुरकट काचेवर,
माझी टेकडी.
उलटी.
गंज्या वरून खाली लोंबत होत्या,
मेंढ्या छताला पाय लावून चरत होत्या,
आणि खाली, पायाशी, अख्खं आभाळ सांडलेलं.
चाळीस वर्षं मी ह्या उतारावर गवत कापलं,
किती चढ आहे ते माझे गुडघे सांगतील,
पण त्या काचेवर मला वाट सापडेना.
"सरळ कधी होतं?" मी विचारलं.
"नंतर," तो म्हणाला. "सगळं नंतर."

मग कापड काढलं. भाता सारखा केला.
हातातलं यंत्र गंजीवर रोखलं, सावलीवर रोखलं,
वैद्यानं दोन्ही मनगटांची नाडी बघावी तसं.
अव्रामला सांगितलं, हलू नका,
खरं तर अव्राम चौकटीत नव्हताच.
वारा पडला.
टिक् — आणि थोड्यानं टक्.

एवढंच?
एवढंच.
तीन दिवसांचं अर्धं सेकंद.
लगेच दुसरा ताव घातला, पुन्हा तेच.
"एक फोटोचा," म्हणाला, "एक माझ्या चुकीचा."
आणि मग प्यायला बसला, ते रात्रीपर्यंत.

फेब्रुवारीत ग्लिगोर पोस्टमन
मांडीएवढ्या बर्फातून पुठ्ठ्याचं पाकीट घेऊन आला.
टेकडी सरळ. आभाळ खोल. ढग जिथल्या तिथे.
गंज्यांच्या सावल्या अशा लांब
की हात लावला तर गार लागतील.
आणि कुंपणाशी,
पांढरं, गोल, चंद्राएवढं नीट,
पिंपाखाली अकरा वर्षं ऊन न लागलेल्या
फिक्या गवताचं वर्तुळ.

सोबत चिठ्ठी, बारीक अक्षरात:
"हे मला अंधाऱ्या खोलीत दिसलं.
तिथे जास्त उजेड दिला की काळं पडतं.
बुजवता आलं असतं. दिला नाही."

रविवारी डोरूचा फोन आला.
काय आहे म्हणाला फोटोत?
म्हटलं, गवत.

आता एप्रिल आहे. तिथे हिरवं फुटलंय,
बाजूच्यापेक्षा जरा जास्तच.
पिंप अजून गोठ्यामागे, पाण्यानं भरलेलं.
मेंढ्या मात्र संध्याकाळी
त्या गोलाभोवती येऊन उभ्या राहतात,
माना खाली घालून.